रविवार, नानखटाई आणि नानीचा गरारा

आपल्या घरांमध्ये हल्ली तीन गोष्टींवरून कुरबूर ऐकू येते. शनिवारी रात्री मुलगी मैदा चाळून केक करायला घेते. नानीच्या ट्रंकेतला गरारा, नाहीतर दादांची शेरवानी शिंप्याकडून नीट करून अंगावर चढवते. आणि रविवारी मैत्रिणींना घरी बोलावते किंवा त्यांच्याकडे जाते. वडीलधारी मंडळी म्हणतात, "हे नवे शौक आले कुठून? आमच्या वेळी नव्हते असले काही." बाहेरच्यांची तऱ्हा वेगळी. मुस्लिम मुलींचा असा फोटो पाहिला की त्यांना नवल वाटते आणि प्रश्न येतो, "तुमच्यात चालते का हे?" घरच्यांना हे परके वाटते, बाहेरच्यांना अशक्य वाटते. इतिहास मात्र दोघांपैकी कुणी विचारत नाही.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. इतिहासाचा तास माझा नाही. पण भाषा शिकवणाऱ्याला शब्दांच्या मागे जावेच लागते, आणि शब्दांच्या मागे गेले की कुणाची तरी मजुरी, कुणाचा तरी प्रवास, कुणाची तरी भूक सापडते. आपली पुस्तके लढाया आणि तहांनी भरलेली आहेत. सुट्टीच्या दिवशी माणसे काय खात होती, काय नेसत होती, कुणाकडे जाऊन बसत होती, याला त्यांत दोन ओळीही मिळत नाहीत. म्हणून हा लेख.

आधी रविवार घेऊ. वेळच नसेल तर केक कुठला आणि मैत्रिणी कुठल्या?

रविवारची सुट्टी इंग्रजांनी आपणहून वाटली, असा पुष्कळांचा समज आहे. कचेऱ्यांपुरते ते ठीक आहे. गिरणीत तसे नव्हते. मुंबईत पहिली कापड गिरणी १८५४ साली उभी राहू लागली आणि १८५६ मध्ये ती चालू झाली. तिथे काम सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत चाले, म्हणजे उन्हाळ्यात तेरा-तेरा तास. आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारी आयोगापुढे ठेवला. मागण्या किती साध्या होत्या पाहा: दर रविवारी पूर्ण दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक, 'दीनबंधू' या पत्राचे संपादक. सहा वर्षे ते याच्या मागे लागले होते. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला दहा हजार कामगारांची सभा झाली आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी, १८९१ च्या फॅक्टरी कायद्यात आठवड्याची सुट्टी आली.

या गिरण्यांत आपली माणसेही होती. उत्तर हिंदुस्थानातून आलेले मोमीन विणकर मदनपुऱ्यात राहत आणि गिरण्यांच्या विणाई खात्यात काम करत. मागावर बसणे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. रविवार त्यांनाही मिळाला. एका सत्यशोधकाने लढून मिळवलेल्या दिवशी मदनपुऱ्यातला अन्सारी दुपारी झोपू शकला, दोस्ताकडे जाऊ शकला. १८९३ साली मुंबईत हिंदू-मुसलमानांची मोठी दंगल झाली. तेव्हाही शहर शांत व्हावे म्हणून राणीच्या बागेत मेळावा भरवणाऱ्यांत लोखंडेच पुढे होते. १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत ते गेले. आपल्या उर्दू शाळांत त्यांचे नाव घेतले जात नाही. घेतले पाहिजे, असे मला वाटते.

आता या सगळ्यात एक बारीकशी नोंद आहे, आणि मला ती सोडवत नाही. महालक्ष्मीच्या त्या सभेत दोन बायकाही बोलल्या. एवढेच लिहिलेले आहे, दोन बायका. सुट्टी मागायला दहा हजारांपुढे उभ्या राहिलेल्या त्या दोघींना सुट्टी मिळाल्यावर रविवारी काय करायला मिळाले असेल? १८९१ च्या कायद्याने बायकांचे गिरणीतले काम अकरा तासांवर आणले. गिरणीतून घरी आल्यावर चुलीपुढचे तास मोजणारा कायदा मात्र अजून कुणी केलेला नाही.

मी आठवीला दरवर्षी 'माझा रविवार' हा निबंध देते. मराठीच्या तासाला देते, कधी उर्दूच्या. मुलगे क्रिकेट लिहितात, उशिरा उठणे लिहितात, नदीवर गेलेले लिहितात. मुलींच्या वह्यांत बादली, साबण, भांडी, धाकटा भाऊ. एका मुलीने लिहिले होते, "रविवारी सगळे घरी असतात म्हणून मला सोमवार आवडतो." मी त्या वाक्याखाली लाल शाईने काहीही केले नाही. शुद्धलेखन तर अगदी बरोबर होते.

आपल्यापैकी काहींचा रविवार शुक्रवारी असतो. मालेगावात शुक्रवारी यंत्रमाग थांबतात. एरवी खडखडाटाने भरलेले गाव त्या दिवशी आंघोळ करून, जुम्याची नमाज पढून रस्त्यावर येते. हॉटेले भरतात, थिएटरांवर झुंबड उडते. १८५७ च्या उठावानंतर उत्तरेकडून जे विणकर दक्षिणेकडे आले त्यांची वस्ती मालेगाव, भिवंडी इथे झाली आणि त्यांच्याबरोबर त्यांचा शुक्रवारही आला. या गावाच्या सिनेमावेडावर २००८ साली 'सुपरमेन ऑफ मालेगाव' नावाचा माहितीपट निघाला, तो पाहिला नसेल तर जरूर पाहा. गरीब कामगार सुट्टीच्या दिवसातून केवढी मौज उभी करू शकतो ते त्यात दिसते. आणि त्या थिएटरातल्या गर्दीत बाई शोधून पाहा. यंत्रमागाच्या गावांत कांडी भरणे हे बायकांचे काम. घरचे काम ते सुट्टीशी बांधलेले नाही. शुक्रवारी तर घरी गोश्त शिजायचे, म्हणजे कांदे जास्त.

तर वेळेची वाटणी अशी झालेली. आता भट्टीकडे येऊ.

भाकरी, चपाती, पोळी आपण घरात तव्यावर करतो. पाव, नान, बिस्किट बाहेरून आणतो. याचे कारण जळणात आहे. तवा चार काटक्यांवर दहा मिनिटांत तापतो आणि लागेल तेवढीच भाकरी होते. भट्टी तापायला ढीगभर लाकूड लागते. एकदा तापली की मग शंभर-दोनशे पाव निघाले तरच ते परवडते. म्हणून भट्टी कुणा एका घराची होऊ शकत नाही, ती मोहल्ल्याची असते, नाहीतर बादशहाची. अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त शाही स्वयंपाकघरातल्या रोट्यांची मापे देऊन ठेवली आहेत. त्यातली मोठी रोटी भट्टीत भाजायची: दहा शेर पीठ, पाच शेर दूध, दीड शेर तूप, पाव शेर मीठ. हे प्रमाण वाचून माझ्या एका सहकारी बाईंनी विचारले, "आणि मळायला किती माणसे?" अबुल फजल ते सांगत नाही.

पाव हा शब्द पोर्तुगीज आहे हे आता बहुतेकांना ठाऊक असते. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला, तिथे पाव आला आणि तो ताडीने फुगवला जाऊ लागला. गोव्याचा पाववाला अजून पोदेर म्हणवतो. नानखटाईची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. मराठी दुकानाच्या पाटीवर 'नानकटाई' लिहिलेले असते, उर्दूत 'नानख़ताई'. नान म्हणजे फारसीत रोटी. खता हे फारसीत उत्तर चीनचे जुने नाव. म्हणजे शब्दात इराण आणि चीन, आणि पदार्थ कुठला, तर सुरतचा. सुरतेत डचांची वखार होती, त्यांच्यासाठी पाव भाजणारे भट्टीवाले होते, डच गेल्यावर एका पारशी घराण्याने भट्टी चालवली, ताडीच्या पावाला गिऱ्हाईक मिळेना तेव्हा वाळवून टिकणारे, मग तुपातले असे पदार्थ निघाले, अशी कथा तिथे सांगतात. दोटीवाला यांची बेकरी १८६१ पासूनची. कथेतला प्रत्येक तपशील कुणी तपासून घ्यावा. माझ्या कामाचा भाग इतकाच, की या छोट्याशा गोळ्याला फारसी, चिनी, डच, पारशी, गुजराती असे सगळे हात लागलेले आहेत आणि तरी आपण तिला ईदची मानतो, शेजारचे दिवाळीची.

दिवाळीत आणि रमजानच्या अखेरच्या आठवड्यात बेकरीपुढे एकच रांग लागायची. ज्यांचे वय आज चाळिशीच्या पुढे आहे त्यांना ती रांग सांगायला नको. घरून मैदा, पिठीसाखर, डालड्याचा डबा किंवा ऐपत असेल तर साजूक तूप घेऊन जायचे. (डालडा बाजारात आला १९३७ साली. त्याचा पिवळा पत्र्याचा डबा रिकामा झाल्यावर पुढची दहा वर्षे तांदूळ भरायला चाले.) काही घरांत बायका तूप पांढरे होईपर्यंत परातीत हाताने फेटत, त्यात साखर, मग मैदा, थोडे बेसन, रवा, वेलची, चिमूटभर सोडा. गोळे वळून वर चारोळी दाबत. मग ते पत्रे पोरांच्या डोक्यावर देऊन बेकरीत पाठवत. रात्री पाव भाजून झालेली भट्टी दुपारपर्यंत हळूहळू निवत जाते. त्या उतरत्या आचेत पाव भाजत नाही, पण नानखटाई, खारी आणि टोस्ट सुरेख होतात. बेकरीवाला किलोप्रमाणे मजुरी घेई. त्याचे जळण वाया जात नसे, आपली ईद होत असे. हिशेबाला चोख आणि चवीला गोड अशी ही व्यवस्था होती.

पण पाहा, फेटणारे हात बायकांचे आणि भट्टीपुढे उभे राहणारे पुरुष. मुलगी वयात आली की रांगेतून तिचे नाव कमी होई, धाकट्या भावाचे लागे. आपला पदार्थ भाजताना कसा दिसतो, कडा कधी तांबूस होतात, मधे चीर कधी पडते, हे तो करणारीने कधी पाहिलेलेच नसे. ती वाट बघत बसे. पोरगा डबा घेऊन आला की झाकण उघडून वासावरून ठरवी, जळली की साधली.

घरात भाजण्याची युक्ती आपल्याकडे नव्हती असे नाही. कोकणात काकडीचे धोंडस करतात ते पातेल्याखाली विस्तव आणि झाकणावर निखारे ठेवून. गोव्याचे बेबिंक थरावर थर वरच्या निखाऱ्यावर भाजतात, आणि त्याला अर्धा दिवस जातो. पुढे गॅस आला तेव्हा कुकर आला. कुकरची शिट्टी आणि रबर काढायचे, तळाला वाळू किंवा खडे मीठ पसरायचे, वर जाळी, जाळीवर केकचे भांडे. १९७० आणि ८० च्या दशकांत मध्यमवर्गीय घरांत अ‍ॅल्युमिनियमचा गोल विजेचा ओव्हन दिसू लागला, वर काचेची छोटी खिडकी असलेला. लग्नात आहेरात यायचा. ज्या घरात एक असे, त्या घरी आळीतल्या पाचजणी आपले डबे घेऊन येत. त्या काचेच्या खिडकीला मी फार महत्त्व देते. पिढ्यान्‌पिढ्या भट्टीबाहेर ठेवलेल्या बाईला पहिल्यांदा आपला पदार्थ फुगताना दिसला तो त्यातून.

२०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद, बेकऱ्या अर्ध्या बंद, आणि मोबाइलवर पाहून घरोघर केक होऊ लागले. आमच्या शाळेतल्या कितीतरी मुली त्यात तरबेज झाल्या. दोघीतिघींनी तर वाढदिवसाचे केक विकून घरखर्चाला हात दिला, जेव्हा बापाचा माग बंद होता. म्हणून "फाजील शौक" हा शब्द कुणी वापरला की मी हिशेब विचारते.

मोहल्ल्याच्या भट्टीचे आता काय होणार हाही प्रश्न आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत गॅसवर किंवा विजेवर न्याव्यात असा आदेश दिला. हवेचा विचार केला तर त्यात गैर काही नाही. भट्टीपुढे रात्रभर धूर गिळणारा कारागीरही, बहुतेक वेळा आजमगढ नाहीतर तिकडच्याच एखाद्या गावाहून आलेला आपला माणूस, शेवटी फुप्फुसांवरच जगतो. पण गॅसची भट्टी बटण फिरवले की विझते. तिला दुपारपर्यंत टिकणारी उतरती आच नसते. म्हणजे फुकट उरलेल्या उष्णतेवर उभा असलेला तो जुना हिशेबही गेला. घरचा पत्रा घेऊन जाणाऱ्याला मजुरी परवडेल का, हे आता पुढच्या ईदला कळेल.

कपड्यांकडे वळते. सगळ्यांत जास्त वाद तिथेच आहे.

"आपला पोशाख" असे आपण म्हणतो तेव्हा नेमका कुणाचा? औरंगाबादचे हिमरू घ्या. सुती ताणा आणि रेशमी बाणा, जरीच्या किनखाबासारखे दिसणारे पण त्याहून स्वस्त. फारसी 'हमरू'वरून हे नाव आले, म्हणजे सारखे दिसणारे. तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा विणकर इकडे आले असे सांगतात. याचा भाऊबंद मशरू. पुरुषाने निव्वळ रेशीम अंगाला लावू नये असा धार्मिक दंडक, मग विणकराने काय केले, तर वर रेशीम आणि अंगाकडे सूत. मशरू म्हणजेच शरियतने मुभा दिलेले. मला हा शब्द वर्गात शिकवायला फार आवडतो. हौस आणि दंडक यांच्यामधून वाट काढणारे कापड! आमच्या पूर्वजांनी सुंदर दिसण्याची इच्छा गुन्हा मानली नाही. तिच्यासाठी अक्कल खर्च केली.

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे तिथल्या घरांत लग्नाला खडा दुपट्टा आला. कोकणातल्या मुस्लिम घरांत आजी लुगडे नेसायची. मुंबईच्या मोहल्ल्यात गरारा आला तो उत्तरेकडून. गरारा आणि शरारा यांत आजच्या मुली गल्लत करतात म्हणून सांगते: गुडघ्यापर्यंत सरळ आणि तिथे जोड देऊन, चुण्या घालून खाली घेरदार केलेला तो गरारा. कमरेपासूनच पसरत गेलेला तो शरारा. जुन्या गराऱ्याला इतके कापड लागे की एक फाटला तर त्यातून दोन मुलींचे कुर्ते निघत. आणि मालेगावच्या मागांवर काय विणले जाई? रंगीत साड्या. विणणारा मोमीन आणि नेसणारी खेड्यापाड्यातली मराठी बाई. तिच्या अंगावरचे कापड "आपले" की "त्यांचे", हा प्रश्न तिलाही पडला नाही आणि त्यालाही नाही.

आजच्या मुलींना जे 'रेट्रो' वाटते त्याच्यात सिनेमाचा मोठा वाटा आहे. 'मेरे मेहबूब' १९६३ चा, 'पाकीज़ा' १९७२ चा. 'पाकीज़ा'तल्या आपल्या पोशाखांची आखणी मीनाकुमारींनी स्वतः केली होती. 'वक़्त' १९६५ मध्ये आला आणि साधनाचा अंगाबरोबर बसणारा चुडीदार-कुर्ता कॉलेजच्या मुलींनी उचलला, मग त्या कोणत्याही धर्माच्या असोत. तो शिवून घेणाऱ्या वेशभूषाकार कोण, तर कोल्हापूरच्या भानू अथैया, ज्यांना पुढे 'गांधी' चित्रपटासाठी ऑस्कर मिळाले. म्हणजे एका सिंधी अभिनेत्रीच्या अंगावर, एका मराठी बाईने, मुसलमानी म्हणवला जाणारा चुडीदार बसवला आणि तो साऱ्या देशाचा झाला. थिएटरातून घरी आल्यावर आमच्या आया-खालांनी डोळ्यांनी माप घेतलेले असायचे. उषाच्या मशीनवर तो चुडीदार रातोरात उतरायचा. शिंप्याकडे माप द्यायला जाण्याचीच अडचण, म्हणून घरात शिवणारीला मान होता. मशीन चालवणाऱ्या खालाच्या भोवती दुपारभर चारजणी बसत, आणि खरी बैठक ती होती.

बायकांच्या बैठकीला आपल्याकडे नेहमी काहीतरी निमित्त लागले आहे. शिवण, पापड, मिलाद, मेंदीची ढोलक, बाळंतिणीला पाहायला जाणे, भिशी. पुरुष नाक्यावर उभा राहतो तेव्हा कुणी विचारत नाही की काय काम आहे. बाईला "कशाला जमलात?" याचे उत्तर तयार ठेवावे लागते. ज्यांना ते उत्तर द्यावे लागले नाही अशा काही घरांची नोंद मात्र आहे, आणि ती आपल्याच किनाऱ्यावरची आहे.

काँग्रेसचे १८८७ चे अध्यक्ष बदरुद्दीन तय्यबजी यांच्या सुलेमानी बोहरा कुटुंबात एक चाल होती. घरात एक वही ठेवायची, तिला 'अखबार' म्हणायचे, आणि त्यात कुणीही लिहायचे, पोरांनी, बायकांनी, आलेल्या पाहुण्यांनी. कोण आले, काय खाल्ले, कुठे फिरायला गेले, कुणी काय विनोद केला. अलिबागजवळच्या किहीमला त्यांची घरे होती, तिथेही अशा वह्या असत. याच किहीमला १९३० साली त्यांच्यातल्या सलीम अलींनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. याच गोतावळ्यातल्या नाझली बेगम मुरुड-जंजिऱ्याच्या नवाबांच्या बेगम झाल्या. त्यांची बहीण अतिया फैजी १९०६ साली शिक्षिका होण्याचे प्रशिक्षण घ्यायला एकटी लंडनला गेली. बी.एड.च्या वर्गात मला हे कुणी सांगितले नाही, मागाहून वाचनात आले, आणि फार राग आला की आधी का नाही सांगितले! तिथून ती बहिणीला रोजनिशीसारखी पत्रे लिही आणि ती लाहोरच्या 'तहज़ीब-ए-निस्वाँ' या बायकांच्या उर्दू साप्ताहिकात छापून येत. अभ्यास तर त्यात आहेच, पण चहाची बोलावणी, बागा, नव्या मैत्रिणी, कपडे हेही आहे. अतिया तिथे गाऊन घालून फिरली नाही आणि बुरखाही घेतला नाही. डोके झाकणारा, आपल्या घरच्या वळणाचा पोशाख तिने स्वतःच बेतला होता. प्रकृती बिघडल्यामुळे १९०७ मध्ये ती प्रशिक्षण अर्धे सोडून परतली.

ही श्रीमंतांची गोष्ट, असे कुणी म्हणेल. बरोबर आहे. किहीमच्या त्या घरांत पाणी भरणाऱ्या बाईला वहीत लिहायला मिळाले नसणार, आणि तिचा रविवार आपल्याला कधीच कळणार नाही. तरी मी ती वही महत्त्वाची मानते. शंभर वर्षांनी कुणी "मुस्लिम बायका मौज करत होत्या का?" असे विचारले तर दाखवायला कागद आहे. मदनपुऱ्यातल्या, मालेगावातल्या, चिपळूणच्या, परभणीच्या बायकांनी मौज केली नाही असे नाही. त्यांनी ती लिहून ठेवली नाही, आणि दुसऱ्या कुणाला ती लिहिण्याजोगी वाटली नाही.

आम्ही सहाजणी शिक्षिका महिन्यातून एका रविवारी भेटतो. दोघी मराठी शाळेतल्या, चौघी उर्दू. वेळ तीन ते सहा. तीनच्या आधी घरची जेवणे आवरत नाहीत आणि सहानंतर नळाला पाणी येते. दर वेळी एकीने काही भाजून आणायचे आणि एकीने जुने काहीतरी घालून यायचे, ज्याची गोष्ट सांगता येईल. गेल्या वर्षी आम्ही दोनशे पानी वही आणली. आळीपाळीने लिहितो, जिला जी लिपी सोपी तिच्यात. मागच्या खेपेची नोंद मराठीत आहे:

"हजर पाच. सहावीच्या सासूबाईंना ताप. कुकरमधली नानखटाई, तळाला जरा लागली, तरी संपली. आजचा कपडा: आईचा १९७८ चा शरारा, जांभळा, कमरेला दोन इंच वाढवलेला. उषाच्या मशीनवर आईनेच शिवलेला, आत तिने पेन्सिलने घातलेल्या खुणा अजून आहेत. चहा दोनदा. नळ पावणेसहालाच आला."